पेढीचा हिशेब आणि पित्याचा वेळ

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. चिरंजीवांच्या शाळेतून एक छापील अर्ज आला होता आणि तो भरून त्याच दिवशी परत पाठवावयाचा होता. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक कमी असल्याने मी गादीवरच तो भरावयास घेतला. नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली, इयत्ता दहावी असेही लिहिले. पुढचा रकाना तुकडीचा होता आणि तेथे माझी लेखणी थांबली. शेजारी रोजमेळ लिहीत बसलेल्या मुनीमजींनी मान वर न करता सांगितले, "ब तुकडी, शेठ." वर्गशिक्षकांचे नावही त्यांनीच सांगितले. फी भरावयास दर सहामाहीस तेच जात असत, म्हणून त्यांना ते ठाऊक होते.

आमच्या गोदामातील कोणत्या गाठीत कोणत्या गिरणीचे किती तागे आहेत, हे मी झोपेतून उठवून विचारले तरी सांगू शकतो. गोध्र्याच्या कोणत्या व्यापाऱ्याकडे किती उधारी आहे आणि ती किती दिवसांची आहे, हेही सांगू शकतो. स्वतःचा मुलगा कोणत्या तुकडीत बसतो, हे मात्र मला मुनीमजींकडून कळावे लागले. या गोष्टीची लाज मला त्या दिवशी वाटली आणि आजही वाटते. ती लाज झाकून ठेवण्यापेक्षा आपल्या संघाच्या स्मरणिकेत चार सभासदांपुढे मांडावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे. माझ्यासारखे मीच एकटा असेन, असे मला वाटत नाही.

आपणा व्यापाऱ्यांकडे या बाबतीत एक तयार उत्तर असते: "हे सगळे कोणासाठी करतो? मुलांसाठीच ना?" हे उत्तर खोटे नाही. परंतु ज्याच्यासाठी माल आणला त्या गिऱ्हाइकाचे तोंडच कधी पाहिले नाही, तर तो व्यापार कसला, असे आपणच नवशिक्या नोकरास म्हणतो.

माझ्या लहानपणी आमचे दुकान मांडवीजवळ खाली आणि बिऱ्हाड वर होते. आम्ही वडिलांस अण्णा म्हणत असू. आजोबा कोल्हापूरकडून बडोद्यास आले, तेव्हापासून घरात मराठी आणि गादीवर गुजराती असा शिरस्ता होता. तो आजही आहे. शाळा सुटली की दप्तर वर टाकावयाचे आणि खाली येऊन गादीच्या कोपऱ्यात बसावयाचे. अण्णांनी मला "आता तुला व्यापार शिकवतो" असे एकदाही म्हटल्याचे स्मरत नाही. ते आपले काम करीत आणि मी पाहात असे. कापड मोजताना गजावर ते ताणून धरू नये, उलट शेवटी दोन बोटे सैल सोडावे, हे मी त्यांच्या हाताकडे पाहून शिकलो. एकदा एका बाईंकडून चुकून सव्वा रुपया जास्त घेतला गेला. संध्याकाळी रोकड मिळवताना ते ध्यानात येताच अण्णांनी तो सव्वा रुपया माझ्या हाती देऊन मला घडियाळी पोळात त्यांच्या घरी पाठविले. मी परत आलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "दिलास? काय म्हणाल्या?" अचौर्याणुव्रतावरील अनेक प्रवचने मी पुढे ऐकली. पण त्या व्रताचा अर्थ मला त्या सव्वा रुपयाने जितका समजला, तितका दुसऱ्या कशाने समजला नाही.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मात्र माझा हेतू नाही. अण्णा दिवसभर नजरेसमोर असत हे खरे. तथापि त्यांच्याशी बोलण्याची आमची छाती नव्हती हेही तितकेच खरे. मला चित्रकलेची आवड होती, हे त्यांना कधी कळले नाही, कारण सांगण्याची सोय नव्हती. आणि याहून मोठी एक उणीव होती. माझी धाकटी बहीण हिशेबात माझ्याहून निश्चितच हुशार होती. तोंडी व्याज काढण्यात घरात तिचा हात कोणी धरत नसे. पण गादीच्या कोपऱ्यातील जागा माझी होती. तिला तेथे बसण्यास कोणी मनाई केली नव्हती; कोणी बोलावलेच नव्हते. पित्याचा सहवास ही त्या काळी मुलग्याची मिरास होती, आणि ती मिळाल्याने माझे जे भले झाले त्याची किंमत तिने दिली, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

याच आपल्या समाजात, त्याहूनही पुष्कळ जुन्या काळात, एका पित्याने निराळे केले होते. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१–१९१४) यांचे नाव आपणांस परिचित आहे. सुरतेत जन्मलेले आणि मुंबईत जवाहिऱ्याच्या धंद्यात नावारूपास आलेले हे गृहस्थ विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी व तीर्थांच्या व्यवस्थेसाठी प्रसिद्ध आहेत. पण मला त्यांच्या कोनशिलांपेक्षा त्यांच्या घरातील एक गोष्ट मोठी वाटते. त्यांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिच्या वाट्यास काय यावयाचे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. शेठजींनी तिला जवळ ठेवून घेतले, तिच्या अध्ययनाची व्यवस्था केली, धर्मग्रंथ शिकविले आणि समाजकार्यात आपल्याबरोबर नेले. याच मगनबाईंनी पुढे कंकुबाई व ललिताबाई यांच्या साहाय्याने मुंबईत श्राविकाश्रम उभा केला आणि १९३० साली मृत्यू येईपर्यंत शेकडो निराधार भगिनींस मार्ग दाखविला. शेठजींकडे पैसा होता, म्हणून हे घडले असे कोणी म्हणेल. पैसा त्या काळी मुंबईत पुष्कळ शेठांकडे होता. मुलगी दुःखात असताना तिच्याकडे पाहावयास आणि तिच्यात काय आहे हे ओळखावयास जो वेळ लागतो, तो त्यांनी दिला.

आता आपल्या बडोद्याकडे वळतो. आईबापांच्या कर्तव्याचा विचार कायद्याच्या भाषेत या देशात प्रथम करणाऱ्यांत आपल्या गावाचा मान मोठा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. जो पालक मुलास शाळेत पाठविणार नाही, त्यास दंड होत असे. शेतकरी असो वा दुकानदार, "पोर माझे आहे, मी काहीही करीन" असे म्हणण्याची सोय राहिली नाही. माझ्या मते हा कायदा मुलांइतकाच बापांसाठी होता. पोराचे पोट भरले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या पित्यास सरकारने प्रथमच सांगितले की, ते संपलेले नाही.

परंतु कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंतच नेऊ शकतो. संध्याकाळी ते परत आल्यावर त्याच्याजवळ कोणी बसावे, हे कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही. आणि या गोष्टीचे दुःख स्वतः त्या थोर राजाच्या वाट्यास आले. वयाच्या बाराव्या वर्षी, १८७५ साली, कवळाण्याच्या शेतातून उचलून त्यांना गादीवर दत्तक आणले गेले. जन्मदात्या पित्याच्या घरातून ते एकाएकी राजवाड्यात आले आणि शिक्षकांच्या हाताखाली वाढले. पुढे त्यांनी स्वतःच्या मुलांस उत्तमोत्तम शिक्षक दिले, एका पुत्रास अमेरिकेत हार्वर्ड येथे व दुसऱ्यास इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे पाठविले. कशातही कसूर ठेवली नाही. आणि तरीही थोरले फत्तेसिंहराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली निवर्तले. पहिले दोघे तिशीही न गाठता गेले, तिसरे पस्तिशीच्या सुमारास. चार पुत्रांपैकी तिघांचा वियोग या पित्याने डोळ्यांनी पाहिला आणि १९३९ साली गादी नातवाकडे गेली.

या मृत्यूंचा दोष मी महाराजांच्या माथी मारीत नाही. तसे करणे कृतघ्नपणाचे होईल आणि ते सत्यही नसेल. आजारपण, दैव, राजवाड्यातील हवा, अशी अनेक कारणे असतात. पण कन्या इंदिराराजे यांची एक हकीकत मला वारंवार आठवते. त्यांचे लग्न ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरले होते. मुलीच्या मनात ते नव्हते. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास तिने आईबापांस काही न सांगता परस्पर ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडले, आणि आईबापांस ते कळले ग्वाल्हेरहून आलेल्या तारेने. इंदिराराजेंच्या कन्या गायत्रीदेवी यांनी आपल्या आत्मकथनात हे सांगितले आहे. एवढा मोठा दरबार ज्यांच्या पदरी होता, त्या पित्यास मुलीचे मन परक्याच्या तारेतून वाचावे लागले. मला तुकडी मुनीमजींकडून कळली. प्रतिष्ठेत जमीनअस्मानाचे अंतर आहे, जात मात्र एकच.

विद्वानांनीही या प्रश्नाकडे फार उशिरा लक्ष दिले, हे पाहून थोडे समाधान वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ झालेल्या मुलांविषयी जॉन बोल्बी या इंग्रज वैद्यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यात सारा भर मातेवर होता. पित्याचे स्थान मुख्यतः मातेचा आधार म्हणून होते. १९७५ साली मायकेल लॅम्ब या मानसशास्त्रज्ञाने पित्यास बालविकासातील विस्मृत वाटेकरी म्हटले, तेव्हापासून या विषयाचा रीतसर अभ्यास वाढला. त्या अभ्यासांचे तात्पर्य सामान्य माणसास पटेल असेच आहे. बाप नुसता घरात असून भागत नाही. तो मुलाशी बोलतो का, खेळतो का, त्याच्या प्रश्नास उत्तर देतो का, यावर मुलाची भाषा, धीटपणा आणि मनाचे स्वास्थ्य पुष्कळ अवलंबून असते. स्वीडन देशाने १९७४ सालीच मुलाच्या संगोपनासाठी मिळणारी रजा पित्यासही खुली केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरास मूल झाल्यावर पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. आपण व्यापारी स्वतःचे मालक. आपली रजा आपणच मंजूर करावयाची, आणि आपल्याइतका कठोर साहेब कोणत्याही कचेरीत सापडणार नाही.

खरे पाहता आपल्या धर्माने या रजेची व्यवस्था केव्हाच करून ठेवली होती. रात्रिभोजनत्यागाचा हेतू अहिंसेचा आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याचा घरावर होणारा परिणाम कोणी फारसा बोलून दाखवीत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे म्हणजे घरातील सर्वांनी एका ठरावीक वेळी पानावर यावयाचे. अण्णा दिवस मावळण्यापूर्वी वर येत आणि आम्ही सर्व भावंडे, आई व आजी एका ओळीत जेवावयास बसत असू. बोलणे थोडे होई, परंतु कोणाचे तोंड उतरले आहे हे अण्णांच्या नजरेतून सुटत नसे. आज आपण विश्वामित्रीपलीकडे राहावयास गेलो, दुकान गावातच राहिले. ज्यांचा चौविहार आहे त्यांचा डबा साडेपाचास दुकानात येतो आणि ते गाठोड्यांच्या आडोशास बसून एकटे जेवतात. नियम पाळला जातो, यात शंका नाही; पण त्या नियमाने जे एकत्र बसणे आपोआप घडत होते, ते गेले. आणि ज्यांचा नियम सुटला आहे ते रात्री दहास घरी पोचतात, तेव्हा मुले निजलेली असतात किंवा मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली असतात. त्यांना हाक मारण्याची आपल्यातही उमेद उरलेली नसते.

पूर्वी सरकार आपणांस थोडे तरी आवरून धरीत असे. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्याने दुकान बंद करण्याची वेळ आणि आठवड्यातून एक बंद दिवस ठरवून दिला होता. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल की, त्या कायद्यावर आपण केवढी टीका करीत होतो. गुजरात सरकारच्या २०१९ च्या नव्या कायद्याने शहरात दिवसरात्र दुकान चालविण्याची मुभा दिली. नोकरास साप्ताहिक सुटी देणे आवश्यकच आहे, आणि ती दिलीच पाहिजे. मालकाच्या सुटीविषयी कायद्यास कर्तव्य नाही. म्हणजे आता शटर केव्हा ओढावयाचे हे सर्वस्वी आपल्यावर आले.

त्या अर्जाच्या प्रसंगानंतर मी ठरविले की, दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचास दुकान बंद करावयाचे. चिरंजीवांस सोबत घेऊन घरी यावयाचे, दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी एकत्र जेवावयाचे, आणि नंतर झोपेपर्यंत फोन कपाटात. पहिले दोन महिने अगदी अवघड गेले. आम्हा दोघांस एकमेकांशी काय बोलावे, हेच सुचत नसे. एका रविवारी मी त्याला कमाटीबागेत नेले आणि संग्रहालयातील देवमाशाचा प्रचंड सांगाडा दाखविला. तो हसून म्हणाला, "बाबा, हा मी चौथीत शाळेबरोबर पाहिलाय." बोलण्याचा तेवढाच विषय मी योजून ठेवला होता, तोही संपला.

तिसऱ्या महिन्यात एका बुधवारी, जेवण झाल्यावर त्याने एकाएकी विचारले, "बाबा, आपले दुकान विकावे लागणार आहे का?" मी चकित झालो. वर्षापूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमची रक्कम बुडविली होती, आणि त्या रात्री मी त्याच्या आईपाशी रागाच्या भरात काहीबाही बोललो होतो. भिंतीपलीकडे ते त्याने ऐकले. रक्कम मोठी होती, पण दुकान बुडावे इतकी नव्हती. मी चार महिन्यांत तो घाटा मनातून पुसून टाकला. त्या मुलाने मात्र वर्षभर तो एकट्याने वाहिला. सहलीचे पैसे त्याने मागितले नव्हते, शिकवणी सोडतो म्हणाला होता, परीक्षेत गुण घसरले होते. त्या गुणांबद्दल मी त्याला रागावलोही होतो. मी त्या रात्री खतावणी घरी मागवून घेतली आणि देणे किती, येणे किती, ते त्याला दाखविले. तो अर्धा तास पाने उलटीत होता. पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीस मी दरसाल शेकडो व्यापाऱ्यांस मिच्छामि दुक्कडम् पाठवितो. त्या वर्षी प्रथम त्याच्यापुढे हात जोडले.

आता या बुधवारची किंमतही सांगितली पाहिजे, कारण आपण हिशेबी माणसे आहोत. संध्याकाळी साडेपाच ते नऊ हीच नोकरदार गिऱ्हाइकांची वेळ. पहिल्या सहामाहीत माझी बुधवारची विक्री निम्म्यावर आली. माझी दोन जुनी गिऱ्हाइके शेजारच्या दुकानी गेली आणि परत आली नाहीत. शेजाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. एकटा व्यापारी शटर ओढतो तेव्हा तो आपला धंदा समोरच्यास देतो. म्हणूनच मनात असूनही कोणी ओढत नाही. सर्वांनी एकाच वेळी ओढले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येते. राहिला प्रश्न मोबाईलवरून माल मागविणाऱ्यांचा. ते गिऱ्हाईक आपण रात्री अकरापर्यंत उघडे ठेवले तरी येत नाही, असा माझा अनुभव आहे. आपला तसा नसेल तर सभेत जरूर सांगावे.

व्यापारी संघ कशासाठी असतो? दर ठरविणे, कराच्या तक्रारी मांडणे, जकातीच्या काळी जकातीविरुद्ध आणि २०१७ नंतर जीएसटीच्या अडचणींविषयी निवेदने देणे, ही कामे आपण करीत आलो. एकट्याने जे परवडत नाही ते सर्वांनी मिळून करणे, हेच या सर्वांचे मूळ आहे. म्हणून मी असा ठराव सुचवितो की, येत्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून आपल्या बाजारातील सर्व सभासदांनी आठवड्यातून एक संध्याकाळ साडेपाचास दुकाने बंद ठेवावीत. वार सभेने ठरवावा, बुधवारच पाहिजे असा माझा आग्रह नाही. लग्नसराईचे व दिवाळीपूर्वीचे आठवडे वगळावेत. नोकरांचा त्या दिवसाचा पगार कापू नये, कारण तेही कोणाचे तरी बाप आहेत; मुनीमजींना तीन नाती आहेत, आणि त्यांच्या तुकड्या त्यांना ठाऊक आहेत की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही. ज्या भगिनी स्वतः दुकान चालवितात त्यांचे मत ठरावापूर्वी अवश्य घ्यावे. माझी बहीण आता निवृत्त झाली आहे. मसुदा तिने वाचला आणि "मुलींनाही खतावणी दाखवा" असे समासात लिहून परत पाठविला. ते वाक्य मी तसेच ठेवले आहे.

ठरावाची प्रत चिटणीसांकडे दिली आहे. आमच्या रांगेतील दोन पेढ्यांनी होकार कळविला आहे, एकाने "दिवाळीनंतर पाहू" म्हटले आहे, आणि समोरच्या शेठजींनी माझ्याकडे पाहून नुसते हसून चहा मागविला.